नामावली चालू असताना

मी पुण्याच्या सदाशिव पेठेत राहतो. ह्या पेठेत श्रीकृष्णाचे एक जुने देऊळ आहे. मूर्ती अशी देखणी की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. आणि देवाचे नाव काय, तर खुन्या मुरलीधर! बाहेरगावचा पाहुणा हे नाव पहिल्यांदा ऐकतो तेव्हा हमखास थबकतो. "खुन्या? ते कसं काय हो?" मग आम्ही पेठेतले लोक जरा ऐटीतच सांगतो की, पेशवाईच्या उतरत्या काळात गद्रे सावकारांनी हे देऊळ बांधले, मूर्तीच्या स्थापनेवरून शिपायांची चकमक उडाली, माणसे पडली, आणि ते रक्त देवाच्या नावाला कायमचे चिकटले. ही हकीकत आम्ही पुढे पाच मिनिटे रंगवून सांगतो. पण पाहुण्याला दारातच धरून ठेवले ते हकीकतीने नव्हे, नुसत्या नावाने. नाव ऐकताच त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिला आणि तो सुटल्याशिवाय त्याचा पाय निघेना.

रहस्यपटाच्या आरंभी पडद्यावर जी नामावली येते तिचे काम असेच असते. आज तिच्याविषयी थोडे बोलायचे आहे. आता तुम्ही म्हणाल, नामावलीत बोलण्यासारखे काय आहे? नट, नटी, संगीत, छायालेखन, नावांची यादीच की ती! माझेही पुष्कळ दिवस हेच मत होते. ते का बदलले, तेही सांगणार आहे.

माझे लहानपण वाई तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा. नामावली चालू झाली म्हणजे तंबूत काय चालायचे, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. कोणी पोते अंथरतो आहे, कोणी पुढच्याला "मुंडी खाली" म्हणून ओरडतो आहे, शेंगदाणेवाला दोन रांगांमधून वाट काढतो आहे, आणि कोणाचा तरी पोर हरवलेला आहे. पडद्यावरच्या नावांकडे कोणाचे लक्ष नसायचे. नावे संपली की मगच सिनेमा सुरू झाला असे आम्ही समजायचो. आज घरोघरी मोबाइलवर सिनेमा आला, त्यात तर नामावली ओलांडून पुढे जाण्याचे बटणच दिलेले असते. तंबूतली सवय यंत्राने पक्की करून दिली, दुसरे काय!

आणि ही सवय काही आपल्या खेड्यांचीच नव्हे. अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत एके काळी नामावली बंद पडद्यावरच चालवीत, आणि गोष्ट सुरू झाली की मग पडदा बाजूला सारीत. 1955 साली 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' नावाचा चित्रपट निघाला. त्याची नामावली सॉल बास ह्या चित्रकाराने केली होती. त्या चित्रपटाच्या रिळांच्या डब्यांवर यंत्र चालवणाऱ्यांसाठी खास सूचना लावली होती म्हणतात, की बाबांनो, नामावलीच्या आधी पडदा उघडा. म्हणजे गोष्ट आता पहिल्या नावापासूनच सुरू होणार होती.

ह्याच बासने पुढे आल्फ्रेड हिचकॉकच्या तीन रहस्यपटांच्या नामावल्या केल्या. 1958 च्या 'व्हर्टिगो'त एका स्त्रीचा चेहरा अगदी जवळून दिसतो. मग तिचा डोळा, आणि त्या डोळ्यातून वर येणारी, गरगरणारी वलये. उंचावरून खाली पाहिले की ज्याला भोवळ येते अशा माणसाची ती गोष्ट आहे, आणि ती भोवळ प्रेक्षकाला खुर्चीत बसल्या बसल्या आधीच चाखवलेली असते. 1960 च्या 'सायको'त तर चित्र म्हणून काहीच नाही. नुसत्या आडव्या-उभ्या पट्ट्या पडद्यावर सरसरत येतात. त्यांच्या धक्क्याने नावे फुटतात, तुकडे एकमेकांपासून सरकतात, पुन्हा जुळतात. मागे बर्नार्ड हरमनचे संगीत, तेही फक्त तंतुवाद्यांचे. ज्याचे मन असेच दुभंगलेले आहे अशा एका माणसापर्यंत आपल्याला पुढे जायचे असते. चित्रपट संपल्यावर लक्षात येते की उत्तर पहिल्या दोन मिनिटांतच सांगून टाकले होते. पण प्रश्न काय आहे हेच माहीत नसताना उत्तर कोणाच्या ध्यानात राहणार?

रहस्य रचणाऱ्याची खरी हातोटी ती इथे. जो उत्तर नुसते लपवतो तो साधा चोर. ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवून वर पुन्हा आपल्याला दुसरीकडे पाहायला लावणारा तो कसबी.

शिक्षक श्रोत्यांच्या मनात एक गोष्ट आली असेल, ती बोलून टाकतो. ही युक्ती काही परदेशातून आलेली नाही. आपल्याकडे विशाखदत्ताचे 'मुद्राराक्षस' आहे. हेर, बनावट पत्र, हरवलेली मुद्रिका, विषकन्या. रहस्यपटाला लागणारे सारे सामान त्यात आहे. आता त्याची नांदी पाहा. पार्वती शंकराला विचारते, तुमच्या मस्तकावर ही कोण भाग्यवान बसली आहे? शंकर उत्तर देतो ते चंद्रकोरीचे. ती पुन्हा विचारते, तो पुन्हा शब्दांचा खेळ करून निसटतो, कारण गंगेची गोष्ट त्याला बायकोपासून लपवायची आहे. आणि आशीर्वाद कशाचा मागितला आहे, तर देवाच्या ह्या लपवाछपवीचाच! पुढच्या सबंध नाटकात चाणक्य जे करणार आहे, त्याची ही पहिली चुणूक. मग सूत्रधार नटीला चंद्रग्रहणाविषयी सांगू लागतो. तोच पडद्याआडून आवाज येतो की मी जिवंत असताना चंद्राला ग्रासू पाहणारा हा कोण? बोलणे चालले होते आकाशातल्या चंद्राचे, ऐकणाऱ्याने घेतला चंद्रगुप्त. एका शब्दाचे दोन अर्थ झाले आणि चाणक्य दिसायच्या आधी ऐकू आला. हा आधी ऐकू येणारा आवाज ध्यानात ठेवा. त्याच्याशी आपल्याला पुढे काम आहे.

तमाशातला गण, कीर्तनातला पूर्वरंग यांचीही नाती ह्या घराण्याशी जुळतात. पण तो एक वेगळ्या भाषणाचा विषय होईल. असो.

आता मूळ उदाहरणाकडे येतो. 5 ऑक्टोबर 2018 रोजी 'अंधाधुन' हा हिंदी रहस्यपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक श्रीराम राघवन. हे पुण्यात वाढलेले, आणि पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. ही संस्था 1960 साली प्रभात कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात सुरू झाली. ज्या प्रभातचे चित्रपट पडद्यावर तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीच्या चिन्हाने उघडत, ती ही प्रभात. चित्रपटाची गोष्टही पुण्यातच घडते. मूळ कल्पना 'द पियानो ट्यूनर' ह्या फ्रेंच लघुपटाची. पियानो वाजवणारा एक तरुण आंधळा असल्याचे सोंग करून राहत असतो. एके दिवशी एका घरात वाजवायला जातो आणि त्याच्या डोळ्यांदेखत खुनाचा प्रकार उघड होतो. पाहिले तर आहे, पण पाहिले असे म्हणता येत नाही! ह्या चित्रपटाला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नायकाचे काम करणाऱ्या आयुष्मान खुराना यांनाही उत्कृष्ट अभिनेत्याचा मिळाला. ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांची आधीच क्षमा मागतो, कारण आरंभाविषयी बोलताना मला शेवटालाही हात लावावा लागणार आहे.

हा चित्रपट मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा एकट्याने. दुसऱ्यांदा पाहिला तो आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याबरोबर. हा मुलगा सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी भागातून आलेला, टिळक रस्त्यालगत खोली घेऊन राहणारा. जन्मापासून दृष्टी नाही. बुद्धीने तल्लख आणि जिभेने त्याहून. एका रविवारी माझ्या घरी आला आणि म्हणाला, "सर, तो आंधळ्याचा सिनेमा मला दाखवा. म्हणजे तुम्ही बघा आणि सांगा." मी चित्रपटांवर तासन् तास बोलणारा माणूस. म्हटले, ह्यात काय अवघड आहे?

आरंभी ऋणनिर्देश येतो. 'चित्रहार' आणि 'छायागीत' ह्या, चित्रपटगीतांच्या जुन्या कार्यक्रमांना चित्रपट अर्पण केला आहे. हे मी त्याला वाचून दाखवले, आणि तो खूश झाला. राघवन यांना ही खोडच आहे. 2007 च्या 'जॉनी गद्दार' ह्या रहस्यपटातही त्यांनी दिग्दर्शक विजय आनंद आणि कादंबरीकार जेम्स हॅडली चेस यांचे ऋण असेच उघडपणे मानले होते. कोणाच्या तालमीत तयार झालो हे शाहीर जसा गाण्यातच सांगतो, तसे.

मग पडद्यावर एक इंग्रजी वाक्य येते. जीवन म्हणजे काय, असा प्रश्न, आणि ते 'लिव्हर'वर अवलंबून आहे असे उत्तर. इंग्रजीत ह्या शब्दाचे दोन अर्थ होतात, एक जगणारा आणि दुसरा यकृत. हसून आपण पुढे जातो. थट्टेच्या रूपात हे चित्रपटाचे कथानकच सांगून टाकलेले असते, कारण उत्तरार्धात माणसांच्या अवयवांचा व्यापार करणारे लोक येतात आणि एका जिवंत बाईच्या यकृताचा सौदा ठरू लागतो. चंद्र म्हटले आणि चंद्रगुप्त निघाला, तशातलाच हा प्रकार.

त्यानंतर कोबीचे शेत. गड्डे भरलेले आहेत, एक ससा पीक खातो आहे, आणि बंदूक घेतलेला एक माणूस त्याच्या मागावर आहे. पुणेरी खून-दरोड्याच्या चित्रपटाला आलेल्या शहरी प्रेक्षकाला वाटते, हे काय भलतेच? आपल्यातल्या शेतकरी श्रोत्यांना मात्र त्यात काहीच भलते वाटणार नाही. पिकात ससा शिरल्यावर काय होते हे त्यांना ठाऊक आहे. राखणदाराची चीड त्यांना कळेल आणि कदाचित सशाची धडपडही. माणूस नेम धरतो, ससा पळतो, गोळी सुटते. आणि मग पडदा काळा होतो. चित्र नाही. फक्त आवाज, गाडीचा आणि अपघाताचा.

इथे मी सांगायचा थांबलो. सांगायला काही नव्हतेच ना! क्षणभराने शेजारून आवाज आला, "सर, अंधार झाला का?"

"हो. तुला कसं कळलं?"

"तुम्ही गप्प झालात. आता आपण दोघं सारखेच झालो."

श्रोतेहो, ह्या दृश्याविषयी मी विद्यार्थ्यांपुढे पूर्वी बोललो होतो. कुतूहल ताणण्याची युक्ती, काळ्या पडद्याचा परिणाम, वगैरे वगैरे. पण ज्या चित्रपटाचा विषयच दृष्टी आहे, तो आरंभी काही क्षण सगळ्या डोळस प्रेक्षकांची दृष्टी काढून घेतो आणि म्हणतो, आता नुसते ऐका, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ज्याला नुसत्या ऐकण्याचा सराव होता त्याच्या ती पहिल्या फटक्याला ध्यानात आली. पडद्याआडचा चाणक्य ओळखायलाही असाच कान लागत असणार.

थोड्या वेळाने त्याने विचारले, "ससा मेला का?"

"कळलं नाही."

"मग तो परत येणार."

ससा परत येतो, अगदी शेवटी. ज्या गाडीखाली नायक सापडणार असतो त्या गाडीच्या काचेवर तो येऊन आदळतो, चालवणारीचा ताबा सुटतो, आणि आरंभी अंधारात ऐकलेला अपघात आता आपल्याला दिसतो. दोन तासांपूर्वी अर्धे सांगून ठेवलेले वाक्य पुरे होते. निदान नायक तरी तसे सांगतो. कारण ही हकीकत तो स्वतःच पुढे एकीला ऐकवत असतो, आणि त्याच्या हातातल्या काठीची मूठ पाहिली तर ती सशाच्या डोक्याची आहे! आता खरा ससा आधी की काठीवरचा? ह्यावर लोक अजून हिरीरीने वाद घालतात. माझे मत विचाराल तर हा माणूस सबंध चित्रपटभर खोटे बोलत आला आहे, तेव्हा त्याच्या सशावर मी तरी पैज लावणार नाही.

पण त्या दिवशी वाद निघाला तो वेगळाच. शेवटाकडे सशाचा उल्लेख आला तेव्हा मी सहज बोलून गेलो की त्या सशाचा एक डोळा निकामी आहे. मुलगा एकदम ताठ बसला.

"हे पहिल्यांदा का नाही सांगितलंत?"

खरे उत्तर असे होते की ते माझ्या नजरेतून निसटले होते. बंदूक पाहिली, कोबी पाहिला, पळण्याची दिशा पाहिली. डोळा पाहिला नाही. तसे सांगायला लाज वाटली, म्हणून म्हटले, "मला वाटलं, ते तितकं महत्त्वाचं नाही."

"आणि मधे नावं येत होती, तेव्हा काय म्हणालात?"

मी म्हणालो होतो, "काही नाही, नुसती नावं आहेत."

तो हसला, पण ते हसणे काही चांगले नव्हते. म्हणाला, "सर, आम्हाला काय सांगायचं आणि काय नाही, हे नेहमी दिसणारी माणसंच ठरवतात."

मग त्याने चित्रपटाविषयीचा आपला खरा राग सांगितला. गावाकडे जाताना एकदा बसमध्ये सवलतीचा पास दाखवल्यावर, खरेच दिसत नाही का, हे पाहायला एकाने त्याच्या डोळ्यांपुढे हात नाचवला होता. हाताचा वारा चेहऱ्याला लागला म्हणून ह्याला ते कळले. शेजारची माणसे हसली. "आता ह्या सिनेमानं लोकांना शिकवलं, की आंधळा दिसला तर आधी तपासून घ्या. सोंग असेल. तुमच्यासाठी ते रहस्य आहे, सर. मला ते रोज स्टँडवर भेटतं."

मी त्याला समजावू लागलो. म्हटले, अरे, सोंग करणाऱ्याला त्या सोंगाची पुरती किंमत मोजावी लागते. पुढे त्याची दृष्टी खरोखरच जाते. चित्रपट आंधळ्यांना हसत नाही, डोळसांच्या खात्रीला हसतो. हे सगळे मला आजही पटते. नावातच ते आहे. अंधाधुंद हा शब्द आपण धडाधड, आंधळेपणाने होणाऱ्या गोष्टीला वापरतो. तोच जरा मोडून 'अंधा' आणि 'धुन' असे दोन शब्द केले आहेत. पण त्याचे म्हणणे खोडून काढण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते, आणि आजही नाही. बसमध्ये हात नाचवणाऱ्या माणसाला श्लेष कोण समजावून सांगणार?

चित्रपटगृहांत दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी कानात दृश्याचे वर्णन ऐकू यावे, अशा सोयीविषयी केंद्र सरकारने 2024 साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ते वर्णन जे कोणी लिहीत असतील त्यांना एक विनंती करावीशी वाटते, की नामावली वगळू नका. आणि ससा असेल तर त्याचे दोन्ही डोळे नीट पाहून घ्या.

शाळेतल्या गुरुजनांना एक प्रयोग सुचवतो. चित्रपटच हवा असे नाही. कोणत्याही गोष्टीचा पहिला परिच्छेद वर्गात वाचून दाखवा आणि पुस्तक मिटा. मुलांना विचारा, काय ऐकलेत, आणि ह्यातले काय पुढे परत येईल? बंदूक सगळ्यांना आठवेल. कोबी आठवणारी पोरे थोडी निघतील. मी हा प्रयोग महाविद्यालयात करून पाहिला आहे, आणि नेहमी पहिल्या बाकावरची मुलेच जिंकतात असे मुळीच नाही. आकाशवाणीच्या श्रोत्यांना तर हे नवे नाही. सकाळी केंद्र सुरू होताना ती जुनी, ओळखीची धून वाजते, ती म्हणजे रेडिओची नामावलीच की! पहिले दोन स्वर आले, की आता कोणीतरी बोलणार म्हणून मन आपोआप तयार होते.

पुढच्या रविवारी तो मुलगा पुन्हा आला. रागावलेला होता तरी आला. म्हणाला, "पहिल्यापासून लावा. आणि ह्या वेळी सगळं वाचायचं." मी वाचू लागलो. लेखन पाच जणांचे, श्रीराम राघवन, अरिजित बिस्वास, पूजा लढा सुरती, योगेश चांदेकर, हेमंत राव. छायालेखन के. यू. मोहनन. संकलन पुन्हा पूजा लढा सुरती. "म्हणजे लिहिलंही तिनंच आणि कापलंही तिनंच," तो म्हणाला, "मग ससा कुठं ठेवायचा ते तिला पक्कं ठाऊक." संगीत अमित त्रिवेदी. नावे संपत आली तसा त्याने माझा हात धरून मला थांबवले.

"आवाजाचं काम कुणाचं आहे? ते नाव परत वाचा."

मी परत वाचले. त्याने ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हटले. मग म्हणाला, "हां, आता पुढं लावा." चित्रपट मात्र त्याला अजूनही आवडलेला नाही.